निहालगीर बाबांचा हात

"मग हा योगायोग म्हणायचा का, महाराज?"

त्र्यंबकनं प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच मान हलवली. योगायोग नव्हेच, हे त्याचं त्यानंच ठरवून टाकलं.

खाटेवर महाराज पडून होते. डोळे उघडे होते, एवढंच.

बालाघाटाच्या एका बोडक्या टेकडीवर निहालगीर बाबांचा मठ आहे. मठ म्हणजे तरी काय, तर मूळपुरुष निहालगीर बाबांची काळ्या दगडाची भलीमोठी समाधी, तिच्या मागं नंतरच्या महंतांच्या लहान लहान समाध्या, आणि एका बाजूला पत्र्याची खोली. त्या खोलीच्या पडवीत रतनगीर महाराज खाटेला खिळून होते. मठातले हे शेवटचे गोसावी. पायांवर सूज, पोटात अन्न ठरत नाही, आणि बोलताना दर चार शब्दांनी धाप.

त्यांच्यामागं मठाला कोणी नव्हतं. होता तो हा त्र्यंबक इटकरे. ऐन तारुण्यात त्यानं महाराजांकडून मंत्र घेतला, काही वर्षं मठात झाडलोट केली, मग तालुक्याच्या गावी तंत्रनिकेतनात मास्तरकी धरली. त्यानंतर तो मठात आला तो फक्त मोजायला.

हो, मोजायला. लोक समाधीपुढं नारळ फोडायला यायचे, हा टेप घेऊन यायचा. समाधीला प्रदक्षिणा घालावी तर यानंच, पण हातात टेप आणि तोंडात आकडे.

"पुन्हा सांगतो," त्र्यंबक म्हणाला. तो खाटेजवळच्या स्टुलावर जरा पुढं सरकला. "चौथऱ्याची एक बाजू सत्तावीस हात. चारी बाजू मिळून एकशे आठ. बरोबर?"

"तू म्हणतोस तर बरोबर."

"हात कुठला? तर समाधीच्या पायरीवर छिन्नीनं दोन खुणा केल्यात, त्यांच्यामधलं अंतर. तोच इथला हात. तो धरून चौथऱ्याचा घेर येतो चाळीस मीटर आणि वर साडेसात सेंटिमीटर. याची आता दहा लाख पट करा."

"करू?"

"मी केलीय, महाराज. चाळीस हजार पंचाहत्तर किलोमीटर. पृथ्वीच्या कमरेला दोरी बांधली तर तेवढीच लागेल. म्हणजे निहालगीर बाबांना पृथ्वीचा घेर ठाऊक होता... या टेकडीवर बसून!"

"बरं."

"बरं काय, महाराज? जग हलवून सोडणारी गोष्ट आहे ही."

"हलंल की," महाराज म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

ती ओसरेपर्यंत त्र्यंबक थांबला. पाणी द्यावं हे त्याला सुचलं, पण जरा उशिरा.

त्याचा आकडा खोटा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. चौथऱ्याचा घेर खरोखरच तेवढा भरत होता. गोची झाली ती पुढं. एक आकडा जुळला आणि याला जुळवण्याची चटक लागली. घुमटाची उंची चंद्राच्या अंतराशी जुळेना, तेव्हा त्यानं कळस धरला. तरी जुळेना, तेव्हा कळस सोडून खालची पायरी धरली, मग जुळली. मागच्या अंगाची एक पायरी कशातच येईना, ती नंतरची डागडुजी ठरली. बिचारी पायरी. बाकीच्या दगडांइतकीच जुनी होती, पण तिची बाजू घेणार कोण?

आणि मागच्या समाध्या. त्यांच्यावरही हाताच्या खुणा होत्या, प्रत्येकीवर वेगळ्या लांबीच्या. का, ते त्र्यंबकला चांगलं माहीत होतं. या मठात ज्याची समाधी, त्याच्याच हातानं ती मापायची रीत आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात घ्यायचा, त्याच हातानं खड्डा आखायचा आणि तोच दगडावर कोरून ठेवायचा. पण त्र्यंबकच्या मते ही रीत मागाहूनची. बाबांचा हात तेवढा पृथ्वीचा, आणि पुढच्या महंतांना ती विद्या उरली नाही म्हणून त्यांनी आपापले हात घुसडले. या मापांवर त्यानं एक पुस्तक लिहिलं होतं, त्यात सरळ म्हणून टाकलं होतं की नंतरची सगळी मापं चुकीची आहेत.

माणसाचा स्वतःचा हात चुकीचा कसा असेल, हे त्याला कोणी विचारलं नाही. विचारणारी जवळची माणसं एकेक करून उठून गेली होती. पुस्तकापायी त्यानं नोकरी सोडली. बायको, वैजयंता, बरीच वर्षं सोसून शेवटी भावाकडं निघून गेली. जाताना म्हणाली, "तुमची पृथ्वी तुम्हाला लखलाभ." या गृहस्थानं ते मनावरसुद्धा घेतलं नाही. घेर जुळत होता ना, मग झालं.

केराबाई पेज घेऊन वर आली. खालच्या वस्तीवरची म्हातारी, दोन्ही वेळा तीच महाराजांच्या तोंडात काहीतरी घालायची. आज महाराजांनी दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. तिनं पदरानं त्यांची हनुवटी पुसली, आणि त्र्यंबकला डोळ्यांनी खूण करून बाहेर बोलावलं.

"आलात ते बरं झालं बघा," ती म्हणाली. "तुमच्यासाठी जीव धरून ठेवलाय त्यांनी."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"काय म्हणायचं? हात टेकले त्यांनी. आज हायेत, उद्या न्हाईत." तिनं चौथऱ्यामागच्या मोकळ्या जागेकडं बोट केलं. "गावातली गडीमाणसं खणायला कवाची तयार हायेत. पर माप कोण घेणार? त्याला मंतर घेतलेला शिष्यच लागतो. पैली कुदळ बी त्यानंच मारायची. आन् माप जित्तेपणीच घ्याया लागतं."

"आणि नाही घेतलं तर?"

"मंग समाधी न्हाई. वढ्याकाठी नेऊन जाळायचं, बेवारशासारखं." म्हाताऱ्या बाईचे डोळे भरून आले आणि तिला त्र्यंबकचा रागही आला. "रातध्याड त्यांना त्योच घोर हाय. तुमास्नी ठावं न्हाई व्हय ही रीत?"

त्र्यंबकला ठाऊक होती. फक्त ती कधीतरी रतनगीर महाराजांनाही लागू होणार, हे त्याच्या हिशेबात आलं नव्हतं.

"घेऊ की," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम." आणि त्यानं खिशातलं मोजायचं यंत्र चाचपलं. लाल किरण सोडून दुरूनच अंतर सांगणारं ते यंत्र त्यानं मुद्दाम समाधीसाठी घेतलं होतं.

केराबाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं, वाडगं उचललं आणि टेकडी उतरून गेली.

बाहेर आभाळ धुळीनं गढूळ झालं होतं. भर दुपार असूनही ऊन कसं आजारी दिसत होतं. वारा पत्र्याखाली शिरायचा, पत्रा कण्हल्यागत वाजायचा, मग पुन्हा सगळं गप्प.

त्र्यंबक स्टुलावर येऊन बसला.

"केराबाईनं सांगितलं, महाराज. तुमचं माप मी घेतो. काळजी करू नका."

महाराजांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पांघरुणातून उजवा हात बाहेर काढायला घेतला.

"पण त्याआधी माझं एक काम होतं..."

हात तिथंच थांबला.

"बोल."

"पुस्तक छापून होत आलंय. पुण्याला सभा ठरलीय. मोठमोठी माणसं येणार, आणि पहिला प्रश्न हाच येणार, की हा हात आला कुठून. तिथं माझं घोडं अडतं. मला तुमचे चार शब्द हवेत. निहालगीर बाबांना हे माप पूर्वीच्या ऋषींकडून मिळालं, एवढंच म्हणा. गादीवरचा शब्द म्हटला की कोणी तोंड उघडणार नाही."

त्यानं फोन काढला, बोललेलं टिपून घ्यायची कळ दाबली, आणि तो खाटेच्या कडेला, महाराजांच्या उशाशी ठेवला.

महाराज फोनकडं बघत राहिले.

"माझ्याकडं दुसरं काही उरलेलं नाही, महाराज."

हे मात्र तो अगदी खरं बोलला. बोलताना त्याचा आवाज फाटला. त्याची कीव यावी असाच तो क्षण होता, आणि महाराजांना ती आली असावी. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"त्या खुणंवर..." ते म्हणाले, "सोताचा हात ठिवून बघितलास कधी?"

"बघितला ना. माझा पंजा बराच पुढं जातो."

"मंग?"

"मग तेच तर म्हणतोय मी! कुठल्याही धडधाकट पुरुषाचा हात इतका आखूड नसतो. म्हणजे तो माणसाचा हातच नव्हे. ते पृथ्वीवरून काढलेलं माप आहे."

"धडधाकट..."

महाराजांनी तो शब्द नुसताच तोंडात घोळवला.

वारा आला. पत्रा वाजला.

"निहालगीराला रक्तपिती व्हती, त्र्यंबका."

"काय?"

"रक्तपिती. बोटं झडली व्हती त्याची, दोनी हातांची. कोपरापासनं जेवढा उरला व्हता, तेवढा मोजला."

फोन चालूच होता. त्र्यंबकनं तो झटकन उचलला, कळ बंद केली आणि फोन छातीशी धरून बसला. जणू कोणी ऐकलं तर नाही ना, अशी त्यानं रिकाम्या पडवीत एकवार नजर फिरवली.

"हे... हे कुठंच लिहिलेलं नाही."

"न्हाईच लिवलेलं. मठाची अब्रू. माप घ्यायला बसलेल्या शिष्यालाच सांगायचं. मला माझ्या गुरूनं असंच... पडल्या पडल्या सांगितलं."

त्र्यंबकच्या डोळ्यांपुढं पुस्तक आलं, वैजयंता आली, तंत्रनिकेतनातला फळा आला. सबंध आयुष्य त्यानं एका रोग्याच्या खुरटलेल्या पंजावर तोलून धरलं होतं.

महाराज थांबत थांबत बोलत होते.

"गावानं हाकलला तेला. इथं येऊन बसला. लोक भाकरी टाकायचे, पर लांबून. घोंगडं बी काठीनं सरकवायचे. एक पाथरवट तेवढा तेच्या नादी लागला. रोज यायचा. चार हात लांब बसायचा, ऐकायचा. गुरू मानायचा तेला... पर भ्यायचा. तेचं बी बरोबर हाय, घरी लेकरंबाळं."

"मग?"

"मंग मरायच्या आदल्या दिवशी निहालगीर तेला म्हणला, माझा हात मोज."

"का?"

महाराज वर पत्र्याकडं बघत होते.

"का पण, महाराज? नुसता खड्डा खणून चाललं नसतं?"

"पाथरवट लई रडला म्हणत्यात," महाराज म्हणाले. "मंग पुढं आला."

टेकडीखाली कुठंतरी एक शेळी ओरडत होती, ती थांबली.

दुसरा एखादा असता तर त्यानं इथं उठून महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. पण माणूस आयुष्यभर ज्याच्या मागं धावला ते असं एका दुपारी हातचं सोडत नाही. त्र्यंबकचं डोकं चालायला लागलं होतं. घेर तर जुळतोय ना? रक्तपिती असो नाहीतर आणखी काही असो, चाळीस हजार पंचाहत्तर येतातच ना?

"पण महाराज, आकडा तर खोटा नाही." त्याच्या आवाजाला पुन्हा धार आली. "म्हणजे असं बघा... बाबांची बोटं बरोबर तेवढीच झडली. जास्त नाही, कमी नाही. कदाचित योजनाच तशी असेल. माप जुळावं म्हणूनच..."

बोलता बोलता त्याचं वाक्य त्याच्याच कानावर पडलं.

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची भीती वाटली.

महाराज रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. ते त्याच्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात नुसतं दुःख होतं. एवढा हुशार शिष्य, आणि याचं असं कसं झालं, असं.

"पृथ्वी लई मोठी हाय बाबा," ते हळूच म्हणाले. "तिच्यात कुणाचं काहीबी मावतं."

त्र्यंबकनं मान खाली घातली.

"आता घे माप," महाराज म्हणाले. "मला लई येळ न्हाई."

त्यांनी उजवा हात पांघरुणातून बाहेर काढला. एवढ्यानंच त्यांना धाप लागली. हात खाटेच्या कडेवर येऊन पडला, कोपरात जरासा वाकलेला.

त्र्यंबक उठला. दोन पावलं मागं सरला आणि सवयीनं खिशातलं यंत्र काढून त्यानं नेम धरला. लाल ठिपका महाराजांच्या कोपरावर थरथरला.

महाराजांनी हात मागं घेतला.

"असं न्हाई."

"अगदी अचूक येतं, महाराज. केसाचा फरक नाही."

"असं न्हाई."

"मग कसं?"

"धरून."

त्र्यंबक तसाच उभा राहिला. ठिपका आता भिंतीवर होता, मग जमिनीवर आला, मग विझला. त्यानं यंत्र खिशात ठेवलं नाही, कुठं ठेवलं हे त्याला नंतर आठवलंही नाही.

महाराजांनी उशाखालून कच्च्या सुताचा दोरा काढला. तो बरेच दिवस तिथं असावा, चुरगळून गेला होता. केव्हापासून ते हा दोरा उशाखाली घेऊन वाट बघत पडले होते, असा विचार त्र्यंबकच्या मनात आला.

तो खाटेशी खाली जमिनीवर बसला.

आजवर त्यानं महाराजांच्या पायाला हात लावला होता, येताजाताना, रीत म्हणून. त्यांचा हात असा हातात कधीच घेतला नव्हता. घेतला तेव्हा तो दचकला. हात थंड होता, आणि इतका हलका की त्यात माणूस असावा असं वाटेना. कातडी हाडावरून सरकत होती. मनगटाशी नाडी चालू होती, मधेच एखादा ठोका चुकवत होती.

त्यानं कोपर आपल्या तळव्यावर घेतलं. दोऱ्याचं एक टोक कोपराच्या हाडाशी दाबून धरलं. दोरा हातावरून पुढं नेला, पण महाराजांची बोटं आत वळलेली. ती सरळ केल्याशिवाय माप पुरं होणार नव्हतं.

"उघडता येतात का, महाराज?"

"तूच उघड."

त्यानं एकेक बोट आपल्या बोटांनी उलगडलं. करंगळी. तिच्या शेजारचं. मधलं. ते मिटायला बघायचं, हा पुन्हा सरळ करायचा. मग ते तसंच राहावं म्हणून त्यानं महाराजांचा पंजा आपल्या पंजावर पसरून धरला. तळव्याला तळवा लागला.

माप घेऊन झालं होतं. तरी त्यानं हात सोडला नाही.

महाराजांचा श्वास संथ व्हायला लागला. इतका वेळ कपाळावर होत्या त्या आठ्या गेल्या. ते कुठंही बघत नव्हते. त्र्यंबकला एकदम कळलं की हा माणूस आता फार तर आजचा दिवस आहे, आणि आपण सकाळपासून त्याच्याशी पृथ्वीबद्दल बोलतोय. त्याला रडू फुटलं. रडताना त्याचे खांदे हलत होते, आणि महाराजांचा हात हलू नये म्हणून तो खांदे आवरायला बघत होता.

मग त्यानं दोरा दातांनी तोडला आणि टोकाला गाठ मारली.

खोड ती खोड. गाठ मारता मारता त्याच्या डोक्यात गुणाकार सुरू झाला. रीतीप्रमाणं खड्ड्याचा घेर नऊ हात, याची पट, त्याची पट. पृथ्वी घेऊन बघितली. चंद्र घेऊन बघितला. सूर्याचं अंतर घेतलं. आकडा कुठंच लागेना. एरवी त्यानं काहीतरी धरलं असतं, काहीतरी सोडलं असतं, थोडं इकडं थोडं तिकडं करून आणलं असतंच जागेवर. आज त्याच्यात ते बळ नव्हतं. एका हातात दोरा, दुसऱ्यात पुन्हा महाराजांचा हात, असा तो बसला.

"महाराज..."

"हं."

"हा कशाशीच जुळत नाही."

महाराजांनी डोळे उघडले. हात त्यांनी त्याच्या हातातच राहू दिला.

"मंग खणायला लाग."